महाविद्यालयासाठी संगणक निवडताना : गोव्यातील विद्यार्थी आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला ओळखीची-अनोळखी माणसे गाठून विचारू लागतात, ‘कुठला लॅपटॉप घेऊ?’ एखाद्या मॉडेलचे नाव सांगून मोकळे होणे सोपे असते, पण ते मॉडेल सहा-आठ महिन्यांत बाजारातून नाहीसे होते. शिवाय गेल्या काही वर्षांत बिघडून माझ्यासमोर आलेल्या लॅपटॉपांपैकी प्रोसेसर कमी पडला म्हणून आलेले फारच थोडे होते. बाकीच्यांना दमट हवेने, विजेने किंवा सांडलेल्या चहाने गाठले होते. म्हणून या पानावर यंत्राच्या ताकदीइतकाच विचार ते कुठे आणि कशा परिस्थितीत वापरले जाणार याचाही केला आहे.

बारावीचा निकाल लागल्याबरोबर लॅपटॉप घेऊन ठेवावा का?

घेऊ नये. वर्ग सुरू झाल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत आणि त्या काळात वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना, तसेच प्रात्यक्षिके घेणाऱ्या शिक्षकांना एवढेच विचारावे, की या अभ्यासक्रमात कोणकोणती सॉफ्टवेअरे लागतात आणि ती कोणत्या सत्रापासून लागतात. त्याचे उत्तर मिळाल्यावर निम्मी निवड आपोआप होते. पहिल्या सत्रातील बहुतेक काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत भागते. जून-जुलैत विद्यार्थ्यांसाठी सवलती असतात हे खरे, पण चवथीपासून दिवाळीपर्यंतही त्या असतात, त्यामुळे थोडे थांबल्याने हातचे काही जात नाही. मात्र घ्यायचा तो लॅपटॉप पूर्ण अभ्यासक्रमभर टिकेल असा घ्यावा. गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची सोय झाली आहे, त्यामुळे ‘तीन वर्षे कशीबशी काढेल’ हा जुना हिशेब आता पुरेसा नाही.

कोणत्या शाखेला किती क्षमतेचा संगणक लागतो?

कला आणि वाणिज्य शाखांना फारशी क्षमता लागत नाही. लेखन, सादरीकरण, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये उघडलेली दहा-पंधरा पाने हेच मुख्य काम असते. वाणिज्य शाखेत त्यात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची भर पडते, आणि तीही हलकीच असते. टॅलीप्राइम शिकण्यासाठी शैक्षणिक पद्धतीने विनामूल्य वापरता येते. त्यात महिन्यातील ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण अभ्यासाला तेवढे पुरते. विज्ञान शाखेत आर आणि पायथन यांसारखी प्रोग्रॅमिंगची विनामूल्य साधने वापरली जातात व ती मध्यम संगणकावर नीट चालतात.

अभियांत्रिकीकडे एकच शाखा म्हणून पाहणे ही नेहमीची चूक आहे. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची (चित्रे आणि त्रिमितीय आकृत्या हाताळणाऱ्या वेगळ्या भागाची) गरज क्वचितच पडते. त्याला लागते ती भरपूर रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते ठेवणारी मेमरी, कारण एकाच वेळी संपादक, डेटाबेस, ब्राउझर आणि कधीकधी दुसरी पूर्ण कार्यप्रणाली चालवावी लागते. यांत्रिकी आणि स्थापत्य शाखांत ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, रेव्हिट अशी सॉफ्टवेअरे येतात, आणि त्यांतील त्रिमितीय काम वाढले की स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड उपयोगी ठरते. पण ते काम साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरे विद्यार्थ्यांना एकेका वर्षासाठी विनामूल्य मिळतात आणि विद्यार्थी असेपर्यंत त्या परवान्याचे नूतनीकरण करता येते, त्यामुळे चोरीची प्रत वापरण्याचे काहीच कारण उरत नाही.

पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील वास्तुकला महाविद्यालयात जाणाऱ्यांना मात्र चांगले ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम लागते, कारण रेंडरिंग, म्हणजे आराखड्यापासून वास्तवासारखे चित्र तयार करणे, रात्रभर चालते. त्याच टेकडीवरील कला महाविद्यालयात ग्राफिक्स कार्डापेक्षा पडदा महत्त्वाचा ठरतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले आढळते; पडदा किती रंग दाखवू शकतो याचे ते माप आहे. अशा पडद्यावर लाल आणि हिरवे रंग फिके दिसतात आणि छापून आलेले चित्र वेगळेच निघते. चित्रकला किंवा ग्राफिक डिझाइनसाठी ‘१०० टक्के एसआरजीबी’ असा उल्लेख असलेलाच पडदा घ्यावा. बांबोळीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना पहिली काही वर्षे साधा लॅपटॉप आणि वाचनासाठी एखादा टॅब्लेट पुरतो.

रॅम आणि साठवण किती घ्यावी?

८ जीबी रॅमवर आज काम चालते, पण चौथ्या वर्षी ती अपुरी पडेल. म्हणून शक्य असल्यास १६ जीबी घ्यावी. ‘आता ८ घेऊ, नंतर वाढवू’ हा विचार करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, त्या लॅपटॉपमध्ये रॅमसाठी मोकळा स्लॉट आहे का. कारण अनेक सडपातळ लॅपटॉपांत ती मुख्य बोर्डावरच जोडून टाकलेली असते आणि पुढे तिच्यात काहीही बदल करता येत नाही. दुसरी, २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांच्या किमती जगभर वाढल्या आहेत, त्यामुळे नंतरची वाढ पूर्वीइतकी स्वस्त राहिलेली नाही. साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली साठवण) पुरेशी आहे. जुना माल म्हणून फिरत्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप कोणी स्वस्तात देऊ केला, तर तो घेऊ नये.

प्रोसेसरच्या नावांचा अर्थ कसा लावावा?

(इंटेलचा) ‘आय-५ आहे’ किंवा (एएमडीचा) ‘रायझन ५ आहे’ एवढ्यावर विसंबू नये. रायझनच्या ७००० मालिकेतील लॅपटॉप प्रोसेसरांत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यू मधील २ म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ रचना, ७५३०यू मधील ३ म्हणजे झेन ३, आणि ७५४०यू मधील ४ म्हणजे २०२२ साली आलेली झेन ४. तिन्ही ‘रायझन ५’ म्हणूनच विकले जातात आणि दुकानात शेजारी-शेजारी मांडलेले असतात. इंटेलने २०२४ पासून नव्या प्रोसेसरांच्या नावांतील ‘आय’ काढून टाकला, त्यामुळे ‘कोअर ५’ हा नवा आणि ‘कोअर आय-५’ हा त्याआधीच्या पद्धतीचा असतो. आय-५ घेताना त्याची पिढी बारावी किंवा त्यापुढची असावी. नावात एन असलेले, उदाहरणार्थ एन १०० सारखे प्रोसेसर वीज कमी खातात, पण चार वर्षांच्या महाविद्यालयीन कामासाठी ते पुरे पडत नाहीत. यू हे अक्षर वीज वाचवणाऱ्या आणि एच हे अधिक ताकदीच्या, म्हणजेच अधिक तापणाऱ्या, प्रोसेसरासाठी असते; शाखेला एचची गरज नसेल तर यू घेतल्याने बॅटरी जास्त वेळ पुरते.

गोव्याच्या पावसाळ्यात लॅपटॉप कसा सांभाळावा?

कोणत्याही जाहिरातीत याचे उत्तर मिळत नाही, म्हणून ते थोडे सविस्तर देत आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पाण्याच्या थेंबांपासून लॅपटॉप वाचवणे त्यामानाने सोपे आहे. कठीण आहे ते हवेतल्या ओलाव्यापासून वाचवणे. चवथीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस पिशवीत बंद राहिलेला लॅपटॉप बाहेर काढला की पिशवीच्या आत बुरशीचा पांढरा थर आणि लॅपटॉपच्या जोडण्यांवर हिरवट डाग दिसतात. वापरात असलेला लॅपटॉप आतून उबदार राहतो आणि ती ऊबच त्याला कोरडे ठेवते, म्हणून काम नसले तरी पावसाळ्यात तो रोज अर्धा तास चालू ठेवावा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदलाव्यात. कपाटात, भिंतीला टेकून किंवा जमिनीवर तो ठेवू नये. जुन्या मातीच्या भिंतींच्या घरांत तर नाहीच.

वातानुकूलित प्रयोगशाळेतून किंवा ग्रंथालयातून गार झालेला लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत आणून लगेच उघडला, तर त्यावर बाष्प जमते, अगदी फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमते तसे. म्हणून तो पिशवीतच वीस-पंचवीस मिनिटे राहू द्यावा आणि मग उघडावा. समुद्राकाठच्या गावांत हवेत मीठही असते व ते यूएसबी आणि हेडफोनच्या जोडण्यांना गंजवते. कोलवा, बेतुल, मोरजी अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीजवळ कामाचे टेबल मांडू नये.

दुचाकीवरून किंवा फेरीबोटीतून येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाठीवरच्या पिशवीचे रेनकोटसारखे आवरण बाहेरची बाजू झाकते, पण पाठीला लागणारी बाजू उघडीच राहते आणि पाणी नेमके तिथूनच झिरपते. चोडणहून फेरीने येणाऱ्या एका विद्यार्थ्याने यावर शोधलेला उपाय मी आता सर्वांनाच सांगतो : तो लॅपटॉप जाड प्लॅस्टिकच्या चेनवाल्या पिशवीत घालून मग बॅगेत ठेवतो. दिसायला ते भाजी नेल्यासारखे दिसते, पण चार पावसाळे त्याचा लॅपटॉप कोरडा राहिला.

वीज जाते-येते, कडकडाट होतो; त्यासाठी स्टॅबिलायझर हवा का?

लॅपटॉपला स्टॅबिलायझर लागत नाही, कारण त्याचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब सहज घेतो आणि वीज गेली तरी बॅटरी काम चालू ठेवते. धोका आहे तो दोन प्रसंगी. एक, मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात विजा कडाडतात तेव्हा. आणि दुसरा, खांबावरील न्यूट्रल तार तुटल्याने घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येतो तेव्हा. स्पाइक गार्ड क्षणिक उसळी अडवतो, पण सतत टिकून राहणारा जास्त दाब त्याला अडवता येत नाही, आणि दोन-तीन मोठ्या उसळ्या झेलल्यावर तो दिवा लागत असूनही आतून निकामी झालेला असू शकतो. म्हणून ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवणे हाच खरा उपाय आहे. इंटरनेटच्या राउटरमध्ये जाणारी तांब्याची तारही काढावी, कारण माझ्या पाहण्यातल्या कित्येक घरांत वीज लॅपटॉपपर्यंत याच वाटेने पोहोचली होती. तीन पिनांच्या प्लगची मधली पिन कापून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसवणे टाळावे. लॅपटॉपच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या बहुधा अर्थिंग नसल्यामुळेच. वीज गेल्यावर ऑनलाइन वर्ग बुडू नये यासाठी राउटरला लहान १२ व्होल्टचा यूपीएस लावणे हा कमी खर्चाचा आणि फार उपयोगी उपाय आहे.

लॅपटॉपवर चहा किंवा पाणी सांडले तर काय करावे?

चालू-बंदचे बटण दाबून धरून तो तत्काळ बंद करावा, चार्जर काढावा आणि कीबोर्ड खाली येईल अशा रीतीने लॅपटॉप तंबूसारखा उभा ठेवावा. ‘चालतो का बघू’ म्हणून तो पुन्हा सुरू करू नये. बहुतेक लॅपटॉप पाणी सांडल्यामुळे जात नाहीत, ते या घाईमुळे जातात. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने काहीही होत नाही, झालेच तर पीठ आत जाते. साखर घातलेला चहा असेल तर लॅपटॉप वरून कोरडा दिसत असला तरी आतून चिकट राहतो, त्यामुळे तो उघडून स्वच्छ करून घ्यावाच लागतो.

वजन, बॅटरी आणि पडदा यांबाबत काय पाहावे?

काणकोणहून किंवा पेडण्याहून कदंब बसने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याने १.६ किलोच्या वर जाऊ नये. पुस्तके, डबा आणि छत्री यांचे ओझे त्यात आणखी मिळते. १४ इंची पडदा हा यातला चांगला मध्य आहे. बॅटरीसाठी ‘१० तास’ या जाहिरातीऐवजी वॅट-तासांचा आकडा पाहावा. ५० किंवा त्याहून अधिक असेल तर यू प्रकारच्या प्रोसेसरावर दिवस निघतो. यूएसबी-सी मधून चार्ज होणारा लॅपटॉप मिळाला तर उत्तम, कारण वर्गात कुणाचा ना कुणाचा तसा चार्जर असतोच. पडदा आयपीएस प्रकारचा (बाजूने पाहिले तरी नीट दिसणारा), चकाकी नसलेला आणि ३०० निट्स उजेडाचा असावा.

गेमिंग लॅपटॉप घेतला तर अभ्यासालाही चालेल ना?

चालेल, पण दोन किलोंहून जास्त वजन, अर्ध्या किलोचा चार्जर आणि वर्गात मोटारीसारखा आवाज करणारा पंखा रोज सोबत न्यावा लागेल.

मॅकबुक घ्यावे का?

कला, पत्रकारिता, संगणकशास्त्र आणि चित्रफीत संपादन यांसाठी ते उत्कृष्ट आहे. बॅटरी दिवसभर पुरते आणि १३ इंची एअरचे वजन १.२४ किलो आहे. परंतु सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि टॅली मॅकवर थेट चालत नाहीत, आणि ऑटोकॅडच्या मॅकवरील आवृत्तीत विंडोजमधील सर्व सोयी नाहीत. त्यातील रॅम नंतर वाढवता येत नाही. २०२४ च्या अखेरीपर्यंत मूळ मॉडेल ८ जीबीचे असे, त्यामुळे तो साठा अजून कुठे सवलतीत दिसला तर १६ जीबीचेच घेण्याचा आग्रह धरावा.

नुसता टॅब्लेट पुरेल का?

वाचनाला पुरेल; प्रबंध लिहायला बसलात की पुरणार नाही.

मराठी आणि कोंकणी टंकलेखनासाठी वेगळे काही घ्यावे लागते का?

काहीही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या भाषाविषयक सेटिंगमध्ये मराठी निवडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक (रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहायचा) असे दोन्ही कीबोर्ड मिळतात, आणि कोंकणीही देवनागरीतच लिहायची असल्याने तेच कौशल्य दोन्ही भाषांना उपयोगी पडते. फोनेटिक लवकर जमते, पण मराठी विषय घेऊन पदवी करणाऱ्यांनी इनस्क्रिप्ट शिकावे असे माझे मत आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी त्याची मांडणी आहे आणि पंधरा दिवसांच्या सरावानंतर बोटे स्वतःच धावू लागतात. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला र अनेकांना साधत नाही; इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी आणि मग य एवढेच करायचे असते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत प्रकल्प टंकित करू नये, कारण तो दुसऱ्या संगणकावर उघडला की मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कुठेही उघडतो आणि त्यात शब्द शोधताही येतो.

विंडोज आणि ऑफिस सोबत येतात का?

लॅपटॉपवर ‘डॉस’ असे लिहिले असेल तर विंडोज मिळत नाही आणि ते नंतर विकत घेताना वाचलेले पैसे खर्च होतात. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल तर बाहेरची सॉफ्टवेअरे चढवता येत नाहीत; तो मोड विनामूल्य काढता येतो, मात्र काढल्यावर परत लावता येत नाही. अनेक लॅपटॉपांसोबत ऑफिसची कायमस्वरूपी प्रत येते. ती विद्यार्थ्याने स्वतःच्या ईमेल खात्यावरच आणि पहिल्या काही दिवसांतच सक्रिय करावी. माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर दुकानातल्या मुलाने मदत म्हणून दुकानाचेच खाते टाकून ऑफिस सुरू करून दिले. वर्षभराने लॅपटॉपमधील सर्व काही पुसून विंडोज आणि ऑफिस पुन्हा बसवावे लागले, तेव्हा ती प्रत दुकानाच्या नावावर होती आणि ते खाते कोणी उघडले हे दुकानात कुणालाच आठवत नव्हते.

दुकानातून घ्यावा की ऑनलाइन?

किमतीतील फरक हजार-दोन हजारांचा असेल तर पणजी, मडगाव, म्हापसा किंवा फोंड्याच्या दुकानातून घ्यावा, कारण तिथे कीबोर्ड दाबून आणि पडदा पाहून घेता येतो. कुठूनही घेतला तरी जीएसटीचे बिल विद्यार्थ्याच्या किंवा पालकांच्या नावाने घ्यावे आणि त्यावर अनुक्रमांक लिहिलेला असावा. त्याहून महत्त्वाची आहे ती वॉरंटीची पद्धत. तंत्रज्ञ घरी येणारी वॉरंटी आणि आपण लॅपटॉप सेवाकेंद्रात न्यायची वॉरंटी यांत साखळी, केपे, सांगे अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण सेवाकेंद्रे बहुधा मोठ्या शहरांतच असतात आणि भाग राज्याबाहेरून मागवावा लागला तर आठवडे जातात. थोडे जास्त पैसे भरून तीन वर्षांची, घरी येऊन मिळणारी आणि अपघाती नुकसान भरून देणारी वॉरंटी मिळत असेल तर वरच्या दर्जाच्या प्रोसेसरापेक्षा ती घ्यावी. चार्जर हरवला तर दुसरा घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि आयएस १३२५२ हा क्रमांक पाहावा.

जुना किंवा दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप चालेल का?

कार्यालयांतून निघालेले व्यावसायिक श्रेणीचे लॅपटॉप मजबूत असतात आणि कमी पैशांत चांगले मिळतात. मात्र विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप व इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र घेऊ नये. घेताना बॅटरी, बिजागरी आणि प्रत्येक यूएसबी जोडणी तपासावी. समुद्राकाठी वापरलेल्या लॅपटॉपच्या जोडण्यांत गंज दिसला, तर आतही असणार असे समजावे.

डेस्कटॉपचा विचार करावा का?

घरूनच महाविद्यालयात जाणाऱ्या आणि रेंडरिंगसारखे जड काम करणाऱ्या विद्यार्थ्याने अवश्य करावा. एकेकाळी शासनाच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक मिळाले आणि गोव्यातील कित्येक घरांत आलेला पहिला संगणक तोच होता. तो टेबलावरचाच होता, आणि घरातल्या सर्वांनी तो वापरला. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप अधिक ताकदीचा मिळतो आणि बिघडलेला एकच भाग बदलता येतो. त्यासोबत ६०० व्हीएचा यूपीएस घ्यावा. तो दहा-पंधरा मिनिटे देतो आणि काम जतन करून संगणक बंद करायला तेवढी पुरतात. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र करावा लागतो, कारण कॅबिनेटची ऊब त्यांना पावसाळ्यात फार आवडते.

संगणकासाठी शैक्षणिक कर्जातून पैसे मिळतात का?

अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी संगणक आवश्यक असेल, तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत त्याची वाजवी किंमत धरता येते. त्यासाठी महाविद्यालयाचे पत्र आणि दुकानाचे दरपत्रक अर्जासोबतच द्यावे, कर्ज मंजूर झाल्यानंतर नाही.

प्रिंटर घ्यावा का?

घेऊ नये. पावसाळ्यात कागद ओलसर होऊन अडकतो, न वापरल्याने शाई सुकते, आणि महाविद्यालयाच्या दारात झेरॉक्सचे दुकान असतेच.